कलावंत : पाहुणा की मेस्त्री?

काही वाक्ये अशी असतात की त्यांना कोणी विरोध करीत नाही, आणि म्हणूनच त्यांची कोणी तपासणीही करीत नाही. ‘मुलांच्या शिक्षणात कलेला स्थान हवे’ हे त्यांपैकी एक होय. पालकसभेत ते टाळ्या घेते, स्नेहसंमेलनाच्या अहवालात ते हमखास येते आणि सरकारी दस्तऐवजांतही ते सन्मानाने विराजमान झालेले आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले. स्थानिक कलावंत, लेखक व कारागीर यांना शाळेत मार्गदर्शक म्हणून नेमावे, एवढेच नव्हे तर प्रत्येक शाळेने किंवा शाळासंकुलाने आपल्याकडे निवासी कलावंत असावा असे उद्दिष्ट बाळगावे, असे ते धोरण सांगते. हेतू थोर आहे. तथापि हेतू थोर असला म्हणजे विचार पुरा झाला असे होत नाही. कोणता कलावंत? किती दिवसांसाठी? कोणाच्या पैशाने? आणि मुख्य म्हणजे, कोणत्या शाळेत? समीक्षकाचे काम या चार प्रश्नांपासून सुरू होते.

एखादी योजना चांगली की वाईट हे ठरवायचे तर ती शहरातील नामांकित शाळेत नव्हे, तर रस्त्याच्या टोकाला असलेल्या शाळेत पारखून पाहावी. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मुंबई-गोवा महामार्गावरील कशेडीचा घाट पाहिला असेल. पोलादपूर सोडले की रायगड जिल्हा संपता संपता हा घाट लागतो आणि पलीकडे खेड तालुक्यात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी निघालेल्या कित्येक कुटुंबांनी या वळणांवर पोट घट्ट धरून जपमाळ म्हटली असेल. २०२३ च्या गणेशोत्सवापासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याने ती वळणे आता चुकविता येतात. प्रवास सुखाचा झाला. परंतु घाटावरच्या वाड्यांकडे जाता जाता टाकला जाणारा एक दृष्टिक्षेपही त्याबरोबर गेला. या वाड्यांतील घराघरांतून कोणी ना कोणी मुंबईला चाकरमानी आहे. मागे राहिलेल्यांची भातशेती पावसावर, आणि मुलांची शाळा पटावर अवलंबून. कलावंत शाळेत येणार असेल तर तो इथे येतो का, हीच खरी कसोटी.

ही कसोटी लावताच पहिला दोष कायद्यातच सापडतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या तीन विषयांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. ती कोणासाठी? सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी. आणि तेही जेथे मुलांची संख्या शंभराच्या वर आहे तेथे. म्हणजे डोंगरातल्या ज्या शाळेत पहिली ते पाचवीची साठापर्यंत मुले आणि दोन शिक्षक आहेत, त्या शाळेला या कायद्याने कलेच्या नावाखाली काहीच दिले नाही. शंभर हा आकडा हिशेबनिसाच्या सोयीचा असेल. पण डोंगर मुलांना शंभराच्या गठ्ठ्याने जन्म देत नाही. ज्यांच्या जवळपास नाट्यगृह नाही, चित्रदालन नाही, संगीताचा क्लास नाही, नेमक्या त्याच मुलांना ही तरतूद वगळते. धोरणाचे शब्द उदार आणि कायद्याचा आकडा कृपण, अशी ही विसंगती आहे. ‘उद्दिष्ट बाळगावे’ हा शब्दप्रयोगही सावधपणे वाचला पाहिजे. उद्दिष्ट बाळगण्याला खर्च येत नाही.

कलावंताने शाळेत असणे ही कल्पना आपल्याला नवी वाटते, याचेही आश्चर्य वाटते. आपल्या समाजाच्या इतिहासात तिचे एक पूर्ण, शतकानुशतके चाललेले उदाहरण आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळा, ज्यांना पोर्तुगीज अमदानीत ‘इश्कोला’ म्हणत, त्यांत सोळाव्या-सतराव्या शतकापासून वाचन, लेखन व धर्मशिक्षणाबरोबर संगीत शिकविले जाई. शिकविणारा असे ‘मेस्त’. तो चर्चचा गायकवृंद चालवी, सणासुदीला वादकांचा ताफा उभा करी, घरोघरच्या लादाइन्यांना व्हायोलिन वाजवी, अंत्ययात्रेला सूर देई. आणि सकाळ-संध्याकाळ गावातल्या पोरांना स्वरलेखन वाचायला शिकवी. वाद्य हाती मिळण्याआधी स्वर डोळ्यांनी वाचता व गळ्याने म्हणता आला पाहिजे, असा त्याचा दंडक होता. तो हौशी नव्हता. गावाने व चर्चने पोसलेला तो व्यावसायिक होता, आणि मुलांसमोर शिकविलेले त्याला येत्या रविवारी साऱ्या गावासमोर करून दाखवावे लागे.

मराठीत सुताराला वा गवंड्याला आपण मेस्त्री म्हणतो, तो शब्द याच पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून आलेला. हे नुसते शब्दाचे कौतुक नव्हे. मेस्त्री म्हणजे ज्याच्या हाताला माप आहे असा माणूस. दार बसते किंवा बसत नाही. सूर लागतो किंवा लागत नाही. त्याच्या सान्निध्यात मूल जे शिकते ते उपदेशातून शिकत नाही, हाताखाली राहून शिकते. या पद्धतीचे फळ काय, याचा पुरावा मुंबईच्या चित्रपटसंगीतात आहे. स्वरलेखन वाचता येणारे, वाद्यवृंदाची रचना बांधता येणारे गोमंतकीय ख्रिस्ती वादक तेथे आले नसते तर त्या संगीताचा पोत निराळा झाला असता. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा घ्या, किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या. गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा. त्यांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलाचे पहिले धडे तेथेच झाले. पुढे मुंबईत याच मुलाने प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकविले, आणि १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या रचना भव्य वाद्यवृंदासह सादर केल्या. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघर गेले, पण त्या नावामागे एका गावच्या मेस्तची शिकवणी होती हे किती जणांना ठाऊक असते?

मात्र आपल्या वारशाचे गोडवे गाऊन थांबणे हे समीक्षेचे काम नव्हे. मेस्तच्या शाळेत तीन मोठे दोष होते. एक, शिस्त कठोर होती आणि घोकंपट्टीला पर्याय नव्हता. मुलाने स्वतः काही रचावे अशी अपेक्षा सहसा नसे. दोन, गावकरी व धर्मसंघ हे जातिभेदापासून मुक्त नव्हते, त्यामुळे कोणाच्या हाती कोणते वाद्य आणि कोणता मान जावा यावर जातीची सावली पडे. तीन, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : ही शाळा एक संगीत देत असताना दुसरे पुसत होती. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आदेशाने लग्नप्रसंगीची देशी गाणी आणि चालीरीती निषिद्ध ठरविल्या. ज्या मातीत मूल वाढते तिचा सूर हलका आणि बाहेरून आलेला सूर उंच, ही धारणा तेथे रुजली, आणि ती केवळ इतिहासजमा झाली असे समजू नये. विसाव्या शतकात आंजेलो द फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराने मरियेला साडी नेसविली, तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. शांतिनिकेतनात शिकलेला हा कलावंत पुढे पुण्यात राहिला आणि १९६७ साली तेथेच वारला. आपल्या दाराशी असलेला कलावंत ओळखण्यात आपण नेहमीच उशीर करतो. शाळेत कलावंत आणायचा म्हणताना ही सवय आठवावी.

आता अलीकडच्या मराठी प्रयत्नांकडे वळू. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या गच्चीवर पडदा बांधून केलेली गंमत, ही समजूत त्या दिवसापासून ढळू लागली. मुलांसाठीही व्यावसायिक सफाईचे नेपथ्य, प्रकाश, अभिनय असला पाहिजे, हा आग्रह मोलाचा होता. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनचे ‘ग्रिप्स’ पुण्यात आले. ‘छान छोटे वाईट मोठे’ या पहिल्या नाटकापासून या चळवळीने राजा-राणी व चेटकीण यांना रजा दिली आणि घरातली भांडणे, मोठ्यांचा दांभिकपणा, मुलांची भीती हे विषय रंगमंचावर आणले. मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात, हे तिचे वैशिष्ट्य. मुलाची नक्कल न करता त्याचे मन उभे करायचे तर कसलेला नट लागतो, ही त्यामागची दृष्टी खरी आहे. व्यावसायिक कलावंताची मुलांना गरज का, याचे याहून चांगले उत्तर मराठीत दुसरीकडे सापडणार नाही.

तरीही या दोन्ही प्रयत्नांना एक मर्यादा आहे. त्यांत मूल प्रेक्षक आहे. आणि तो प्रेक्षक तिकिटापर्यंत पोहोचू शकणारा आहे. १९७७ साली दिल्लीच्या आय.आय.टी.त किरण सेठ यांनी सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ने तिकिटाची अडचण दूर केली, थोर गायक-वादक-नर्तक विद्यार्थ्यांच्या दारात नेऊन उभे केले. ज्याने असा सूर एकदा समोर बसून ऐकला तो तो विसरत नाही, हे मान्यच आहे. परंतु एक तासाच्या मैफलीनंतर गाडी निघून जाते. मुलाच्या मनात जे जागे झाले त्याला दुसऱ्या दिवशी कोण विचारणार? पाहुणा आनंद देतो, घरात आलेला उजेड वाढवितो. पण मुलाची बोटे तारेवर ठेवायला तो थांबत नाही. पाहुण्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या योजनेचा, जी पाहुण्यालाच शिक्षण समजून अहवाल भरते.

याच्या उलट, मूल प्रेक्षकाच्या जागेवरून उठून रचनाकाराच्या जागी गेले असा एक प्रयोग आपल्याकडे झाला, तोही त्याच मतकरींच्या हातून. आयुष्याच्या उत्तरार्धात, २०१४ च्या सुमारास, त्यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांतील मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यावेत, आपल्याच भाषेत नाटिका बांधाव्यात आणि रंगभूमीवरील अनुभवी मंडळींनी त्यांना हात द्यावा, अशी ती योजना. ‘मधुमंजिरी’च्या लेखकाने परीकथेपासून वस्तीतल्या पोरांच्या नाटकापर्यंत केलेला हा प्रवास मराठी बालरंगभूमीच्या इतिहासातले एक मोठे वळण आहे, आणि त्याची समीक्षा अद्याप पुरेशी झालेली नाही. १७ मे २०२० रोजी मतकरी गेले. त्यांच्या गूढकथांवर जेवढे लिहिले जाते तेवढे या कामावर लिहिले जात नाही. येथे कलावंत काय करतो? तो मुलांना विषय देत नाही. विषय त्यांच्याजवळ आहेच. प्रवेश कोठे संपवावा, वाक्य कोठे तोडावे, पाठ फिरवून बोलले तर ऐकू येत नाही, हे तो सांगतो. म्हणजे मेस्त्रीचे माप तो देतो आणि लाकूड मुलाचेच राहते. मेस्तच्या शाळेत जे उणे होते ते येथे भरून निघाले.

परदेशातले एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. इटलीतील रेज्जो एमिलिया या नगराच्या बालशाळांत, लोरिस मालागुत्सी यांच्या विचारातून, प्रत्येक शाळेत एक कार्यशाळा आणि तेथे कलेचे शिक्षण घेतलेली एक व्यक्ती रोज हजर, अशी व्यवस्था रूढ झाली. ती व्यक्ती वर्गशिक्षिकेची जागा घेत नाही. दोघी मिळून काम करतात. याउलट इंग्लंडमध्ये २००२ साली सुरू झालेली ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ ही मोठी सरकारी योजना शेकडो कलावंतांना शाळांत घेऊन गेली आणि निधी थांबताच २०११ मध्ये आटोपली. नगराने आपली मानलेली गोष्ट टिकली, राजधानीतून पाठविलेली गोष्ट खर्चकपातीत गेली. यातला बोध आपल्यासाठी पुरेसा स्पष्ट आहे.

तर मग कशेडीचा कलावंत कोण? तो बाहेरून आणावा लागेल असे गृहीत धरणे हीच पहिली चूक. या पट्ट्यात गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचली जाते, जिला बाल्या नाच असेही म्हणतात. मध्ये ढोलकी-मृदंगवाले आणि गाणारा बुवा, भोवती रिंगण, पायांत चाळ. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जवाब रात्र रात्र रंगतात. ऐनवेळी कडवे बांधणे, प्रतिपक्षाच्या प्रश्नाला पुराणातला दाखला शोधून त्याच वृत्तात उत्तर देणे, आणि हे करताना ताल न सोडणे, ही सामान्य कसब नव्हे. पण हा बुवा वर्षाचे दहा-अकरा महिने मुंबईत कुठे कामगार, कुठे पहारेकरी असतो. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही. मग त्याला ‘व्यावसायिक’ म्हणावे काय? आमच्या मते म्हणावे. कलेवर पोट भरतो तोच व्यावसायिक, ही व्याख्या बाजाराची आहे. ज्याला आपल्या कलेचे माप ठाऊक आहे, आणि जो जाणत्या श्रोत्यांसमोर रात्रभर त्या मापाला उतरतो, तो व्यावसायिक. मग त्याची रोजी कोठलीही असो. याच पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी दाखविली जाते, आणि याच तालुक्यातील उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांवर शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचला. घडलेले सांगण्यासाठी छंद शोधणे ही या भागातली नवी गोष्ट नव्हे.

येथे कोणी विचारील, दोन शिक्षकी शाळेत गणित-भाषा धड होत नाही, तेथे जाखडीची चैन कशाला? या प्रश्नाला उत्तर देताना २०२१ चा जुलै आठवावा. त्या महिन्यात महाड पाण्याखाली गेले. २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गिळली. या परिसरातल्या मुलांनी ते पाहिले, ऐकले, किंवा त्या भीतीत पावसाळे काढले. रात्री पाऊस वाढला की घर सोडायचे की थांबायचे, ही चर्चा त्यांनी ऐकली आहे. हे सारे ती मुले कोणत्या भाषेत बोलणार? निबंधाच्या वहीत ‘पावसाळा’ या विषयावर बेडकांचे डराव डराव आणि इंद्रधनुष्य येते; दरड येत नाही. कारण वहीला ती अपेक्षित नाही. कडवे बांधता येणारा एखादा माणूस त्या मुलांच्या बरोबर आठवड्यातून दोन दिवस बसला, तर जे मनात दगडासारखे पडून आहे त्याला ताल मिळू शकतो. ही चैन नव्हे. शोक आणि भय यांना रूप देणे हे कलेचे सर्वांत जुने काम आहे. आपल्या स्तोत्रसंहितेची निम्मी पाने दुसरे काय आहेत?

तथापि काही आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना बगल देता येणार नाही. पहिला आक्षेप कलाशिक्षकांचा. रीतसर पदविका घेतलेले कितीतरी तरुण-तरुणी नेमणुकीच्या प्रतीक्षेत असताना ‘कलावंत आणा’ ही घोषणा म्हणजे पदे न भरण्याची पळवाट ठरू शकते. हा संशय रास्त आहे. म्हणून स्पष्ट म्हटले पाहिजे की कलावंत हा शिक्षकाला पर्याय नव्हे. शिक्षक असेल तरच कलावंताचे काम मुलांत मुरते. दुसरा आक्षेप असा की उत्तम कलावंत उत्तम शिकवितोच असे नाही. खरे आहे. म्हणून त्याच्याबरोबर वर्गशिक्षक नेहमी हजर हवा. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही तो हवाच. तिसरी गोष्ट गुणांची. रेखाकला परीक्षांच्या श्रेणीवरून आणि लोककलांतील सहभागावरून दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून कलेची गर्दी वाढली. प्रेम वाढले की नाही हे गुणपत्रिकेतून कळत नाही. गुणांसाठी शिकलेली जाखडी निकालाच्या दिवशी संपते. चौथा प्रश्न मुलींचा. जाखडी परंपरेने पुरुषांची. ती शाळेत येईल तेव्हा रिंगणात मुलीही असल्या पाहिजेत, आणि कोणत्या वाडीचे मूल ढोलकीला हात लावील यावर कोणाचा निर्बंध असता कामा नये. मेस्तच्या शाळेने जी चूक केली ती पुन्हा नव्या नावाने करू नये.

मार्ग अवघड नाही. एका केंद्रशाळेखाली लहान लहान अनेक शाळा असतात. शंभराची अट एका शाळेला न लावता त्या साऱ्या केंद्राला लावली तर डोंगरातल्या मुलांनाही निदेशक मिळेल. त्याने आठवड्यातील ठरावीक दिवशी ठरावीक शाळेत जावे. नेमणूक निदान वर्षाची असावी. आणि मानधन असे असावे की गावच्या बुवाला गणपतीनंतर लगेच मुंबईची गाडी पकडावी लागू नये. सत्कार, शाल आणि श्रीफळ यांनी घर चालत नाही. कलेचा गौरव करणारी आणि कलावंताला प्रवासखर्चावर बोळवणारी आपली रीत आता पुरे.

या कामात आपल्या धर्मग्रामांनाही वाटा उचलता येईल. वसईपासून रायगडापर्यंत आपल्याकडे गायकवृंद आहेत, वादक आहेत, सणाच्या नाटकांना राबणारे दिग्दर्शक आहेत. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनासाठी महिनाभर भाड्याने आणलेला नृत्यदिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रित गाण्यावर केलेल्या कवायती यांवर जो पैसा जातो, त्याच पैशात एक मेस्त वर्षभर ठेवता येईल, हे व्यवस्थापनांनी एकदा हिशेब मांडून पाहावे. आणि जिल्हा परिषदेच्या शेजारच्या शाळेने हाक मारली तर आपला व्हायोलिनवादक तेथे धर्माची पाटी न लावता, केवळ सूर शिकवायला गेला पाहिजे. तसेच आपल्या शाळेत जाखडीचा बुवा, कोळीगीतांचा जाणकार किंवा वारली चित्रे काढणारी बाई सन्मानाने आली पाहिजे. मुलांना दोन्ही सूर कळावेत, हा त्या देवाणघेवाणीचा लाभ.

२०२० च्या धोरणाने दार उघडले आहे, हे कृतज्ञतेने मान्य करू. पण उघड्या दारातून कोण आत येतो यावर सारे अवलंबून आहे. पाहुणा आला तर छायाचित्र निघेल आणि सायंकाळी शाळा पुन्हा होती तशी होईल. मेस्त्री आला तर पहिले काही महिने काहीच दिसणार नाही. ढोलकी बेताल वाजेल, कडवी अडखळतील, तपासनीस नाराज होतील. मग एखाद्या श्रावणात घाटावरच्या शाळेतील एक मुलगी आपल्या वाडीवर आलेल्या पावसाचे कडवे स्वतः बांधील, आणि रिंगणातली बाकीची मुले ते उचलून धरतील. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. तो रकाना नाही म्हणून ते काम कमी महत्त्वाचे ठरत नाही, एवढे आपण पालकांनी, शिक्षकांनी आणि धर्मग्रामांनी ठामपणे म्हटले पाहिजे.